लघवीचा नमुना पहिल्या दिवशीच हवा

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडीचे ३८ डबे घसरले. चाकाचं बेअरिंग तापून निकामी झालं होतं. पाच टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक बनवायला लागणारं विषारी रसायन होतं. स्फोट होईल या धास्तीने ६ तारखेला ते मुद्दाम बाहेर काढून जाळलं. (त्याची गरजच नव्हती, असं पुढे अपघाताच्या अधिकृत चौकशीत निघालं.) ८ तारखेला लोकांना घरी जायची मुभा मिळाली, पण डोकेदुखी, खोकला, पुरळ सुरूच राहिले.

कुणाच्या अंगात किती गेलं, हे शोधायला वेळ फार थोडा असतो. व्हिनाइल क्लोराइड यकृतात मोडतं आणि त्याचं थायोडायग्लायकॉलिक आम्ल होऊन दोनेक दिवसांत लघवीवाटे निघून जातं. आठवड्याने तपासलं की रिपोर्ट नॉर्मल, आणि माणसाला सांगतात, तुम्हाला काही झालेलं नाही! शिवाय हे आम्ल थोडंफार सगळ्यांच्याच लघवीत असतं, म्हणून लांबच्या एखाद्या गावातले नमुनेही तुलनेला लागतात. बाटलीवर तारखेसोबत वेळ लिहायची, नमुना लगेच गोठवायचा, आणि त्या रात्री माणूस कुठे झोपला, खिडक्या उघड्या होत्या का, हेही टिपायचं. असली रसायनं जळताना तयार होऊ शकणाऱ्या डायॉक्सिन या विषाचं उलट: ते चरबीत वर्षानुवर्षं राहतं, रक्त महिन्यांनी घेतलं तरी चालतं. पण ते आधीपासूनही थोडं अंगात असतंच.

हवा तपासतानाही असाच चकवा बसतो. हातात धरायचं पीआयडी (हवेतल्या रासायनिक वाफा मोजणारं) यंत्र वाफांची गोळाबेरीज दाखवतं, नाव सांगत नाही. गाडीत ब्यूटाइल ॲक्रिलेट हे दुसरं रसायनही होतं; त्याचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो. यंत्रावर शून्य आणि नाकात वास, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. घरात निर्वात केलेला स्टीलचा डबा २४ तास ठेवून त्यातली हवा प्रयोगशाळेत तपासली, तरच कोणता पदार्थ किती ते कळतं.

कॅन्सरची मोजणी इथे फारशी कामाची नाही. व्हिनाइल क्लोराइडमुळे यकृताचा अँजिओसार्कोमा (यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) होतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमुळे उघड झालं. पण तो अत्यंत दुर्मीळ, आणि व्हायला अनेक वर्षं लागतात. पाचएक हजार वस्तीच्या गावात एकही रुग्ण सापडला नाही, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा दरवर्षी यकृताचा कडकपणा आणि फुप्फुसांची क्षमता मोजावी.

ईस्ट पॅलेस्टाइनच्या लोकांच्या तब्येतीवरच्या पाच वर्षांच्या संशोधनासाठी १ कोटी डॉलर जाहीर झाले ते जून २०२५ मध्ये. नीतिसमितीची मंजुरी, संमतिपत्रं, बाटल्या आणि फ्रीझर मात्र अपघाताआधीच तयार असावे लागतात.