तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल आले, मग अजून डॉक्टर कशाला?

माझ्या मायग्रेनचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. "एमआरआय केलास का?" केला. "काय निघालं?" काही नाही, नॉर्मल आहे. इथे समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि मग खरा प्रश्न येतो: "मग अजून डॉक्टरांकडे कशाला जातेस?" विचारणारे बहुतेक मायेने विचारतात. काहींना तर स्वतःसाठीच उत्तर हवं असतं. तेव्हा एकदा सविस्तर सांगते.

मायग्रेन एमआरआयमध्ये दिसत नाही. गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे बघायला तो काढतात. लक्षणं ठरावीक असली आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही वावगं आढळलं नाही, तर पुष्कळदा त्याची गरजही पडत नाही. निदान होतं ते हकिगतीवरून. उपचार केले नाहीत तर ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं. ते एकाच बाजूला असणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र असणं, जिना चढण्याइतक्या हालचालीनेही वाढणं, यांतल्या किमान दोन गोष्टी. आणि जोडीला मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. असे किमान ५ अटॅक येऊन गेलेले असले पाहिजेत. थोडक्यात, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे चौकशी तिथून पुढे सुरू होते.

माझा अटॅक डोक्यापासून सुरू होतच नाही. आदल्या दिवशी उगाच जांभया येतात, मान आखडते, मी खेकसायला लागते. घरातल्यांना हे माझ्या आधी कळतं. मग नजरेच्या कडेला एक चमचमणारी नागमोडी रेघ उमटते आणि पसरत पसरत समोरची अक्षरं गिळत जाते. हा ऑरा, तो सगळ्यांना येत नाही. यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकणारी एक लाट असते, असं मानलं जातं. ती जिथून जाते तिथल्या पेशी काही काळ गप्प होतात. लेआंव नावाच्या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशांच्या मेंदूत ही लाट पाहून १९४४ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विलक्षण बरं वाटलं होतं. जे मिलिमीटरमध्ये मोजता येतं, त्याला मनाचे खेळ कोण म्हणणार? त्यानंतर डोळ्यामागचा ठणका, अंधारी खोली, बादली. ते सगळं ओसरल्यावरही दिवसभर साधे शब्द आठवत नाहीत.

आता दवाखान्याबद्दल. खरी गोम अशी की अटॅक चालू असताना डॉक्टरांकडे जाववत नाही. बाहेरचा उजेड, वाहनाचे धक्के, शेजारी बसलेल्याच्या मोबाइलचा आवाज, यातलं काहीच सोसत नाही. म्हणून आपण जातो बऱ्या दिवशी. केस विंचरलेली, नीट वाक्यं बोलणारी बाई समोर बसून "मला सहन होत नाही" म्हणते, तेव्हा डॉक्टरांना तसं दिसत मात्र काहीच नसतं. एकांनी मान वर न करता टेन्शन कमी करायला सांगितलं. दुसऱ्यांनी सायनस ठरवून अँटिबायोटिक लिहून दिलं. ही गल्लत सर्रास होते, कारण मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गाल दुखतात.

यावर मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे एक साधी वही. दुखणं कधी सुरू झालं, किती टिकलं, कोणती गोळी किती वाजता घेतली, पाळी कधी आली, आणि त्या दिवशी काय करायचं राहून गेलं. हा शेवटचा रकाना सोडू नका. "फार दुखतं" यावर डॉक्टर काय करणार? "या महिन्यात इतके दिवस कामावर जाता आलं नाही" यावर करता येतं. हलक्या दुखण्याचे दिवसही लिहायचे. आपण ते मोजतच नाही. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे असतील आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात आणि उपचारांची दिशा बदलते.

त्याच वहीत गोळ्यांचाही हिशेब लागतो. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरची खास औषधं) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. हे ऐकून काही जण उलट टोक गाठतात आणि अगदी असह्य होईपर्यंत गोळीला हात लावत नाहीत. मलाही "जमेल तेवढं सोस, मग घे" असं प्रेमाने सांगितलं गेलंय. याहून वाईट सल्ला मी ऐकलेला नाही. दुखणं सौम्य असतानाच घेतलेली गोळी जास्त चांगली लागू पडते, शिवाय अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं आणि उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते. म्हणून कुणाला जोडीने उलटीचं औषध देतात, कुणाला नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शन. ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना चालत नाहीत, तेव्हा मैत्रिणीची गोळी उसनी घेऊ नये. आणि ऑरा येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. हे मला विचारणारे डॉक्टर भेटायला बराच काळ जावा लागला.

अटॅक वरचेवर येत असतील तर ते कमी व्हावेत म्हणून रोजचं औषध सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट फिटचं. सगळी मूळची दुसऱ्या आजारांची. चिठ्ठी पाहून घरचे घाबरतात ते यामुळेच. गुण येतो की नाही हे कळायला दोनेक महिने लागतात, आणि दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी ते यश धरतात. निम्मे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. आता ते निम्मे दिवस कुणी परत मागितले तर मी देणार नाही.

खास मायग्रेन रोखण्यासाठीच बनवलेली सीजीआरपीविरोधी इंजेक्शनं २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. अटॅकमध्ये चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेतून सीजीआरपी हे द्रव्य सुटतं, आणि ही औषधं नेमकी त्यालाच अडवतात. या कामासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघा शास्त्रज्ञांना मेंदूसंशोधनासाठीचं २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. औषधं महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. पण "यावर काही नाही, जन्मभर सोसायचं" असं आज कुणी सांगत असेल तर दुसरा डॉक्टर शोधावा. तो न्यूरोलॉजिस्टच हवा असंही नाही. नेहमीचे डॉक्टर वही उघडून बघत असतील, एक औषध पुरेसे दिवस देऊन मग बदलत असतील, तर तेही पुष्कळ करू शकतात. मी अजून जाते ती याच फेरफारांसाठी.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून अपॉइंटमेंटची वाट पाहण्यासारखी नाही. क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली ताकद जाणं किंवा बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं: यात लगेच तातडीच्या विभागात जायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही अंगावर काढू नये. आणि हे आमच्यासारख्या जुन्या रुग्णांनी जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण "नेहमीचंच असेल" म्हणून पडून राहायची सवय आम्हालाच असते.