नोंद चौथी: टाकीतले खडे, कोरा रकाना आणि वरातीचा घोडा

आधी आमच्या माहितीपटाच्या तीन भागांचा हिशेब. ट्रॅमचा भाग संकलनात आहे, बावीस मिनिटांवरून चौदावर आलाय. वायनरीचा भाग निम्मा झाला. सिन्नर सोडून दिलं. मागच्या नोंदीत मी ‘दिवाळीपर्यंत तिन्ही भाग’ असं ठोकून दिलं होतं, ते विसरा.

नव्यांसाठी दोन ओळी. आम्ही तिघं. मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, मावसभाऊ आवाज सांभाळतो आणि संकलन करणारी ताई आठवडाभर शाळेत गणित शिकवते. ‘स्टुडिओ’ म्हणजे इंदिरानगरातली आमची मागची खोली, खिडकीला आतून गोधडी ठोकलेली. विषय नाशिक आणि आसपासचे बंद पडलेले, फसलेले उद्योग. भुतं नाहीत. बंद इमारतीत रात्री मोबाइल घेऊन शिरायचं आणि आपल्याच चपलेच्या आवाजाला दचकायचं, असले व्हिडिओ चिक्कार आहेत, आणि ते आमच्यापेक्षा शंभरपट चालतात. चालू देत.

सिन्नर का सोडलं, ते आधी उरकतो. तिथला औष्णिक वीज प्रकल्प तुम्हाला माहीत आहे. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५०. उभा राहिला, नियमित वीजविक्रीचा करार नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिला आणि पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. विषय म्हणून याला तोड नाही. पण आत जायची सोय नाही, आणि बाहेरून तीन रविवार घालवून आमच्याकडे जमा काय, तर चिमणी. उन्हातली चिमणी, ढगातली चिमणी, शेळ्यांमागची चिमणी. ड्रोनचं कोणी सुचवू नका. देवळालीला तोफखाना, नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचा हवाई तळ, ओझरला हवाई दल आणि विमानं बांधणारी एचएएल. उडवणार कुठे? नाशिककरानं ड्रोन घेणं म्हणजे वाळवंटात होडी घेणं. मी घेतला होता, विकला.

आता वायनरी. निफाड तालुक्यातली आहे, नाव देत नाही. २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले, आणि आपल्याकडे पाच-सात वर्षांत जो तो वाइनची भाषा बोलायला लागला. शेतकऱ्यांनी शिराझ, कॅबरने, सॉव्हिन्यों ब्लां ही वाइनची द्राक्षं लावली. मग २००८ ची मंदी आली, त्यातच नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. पर्यटक आटले, हॉटेलांचा खप पडला, टाक्या भरलेल्याच राहिल्या. जुना माल टाकीत असताना नवी द्राक्षं कोण घेणार? आमची वायनरी त्या फेऱ्यात गेलेल्यांपैकी.

इमारत बँकेच्या ताब्यात आहे, भिंतीवर तशी लाल रंगातली नोटीस. परवानगीला चार महिने लागले. गेटवरचे बाबा मात्र पहिल्या दिवसापासून आमच्या बाजूनं. त्यांनी वजनकाट्याच्या खड्ड्याशेजारी मेथी लावली आहे आणि बाटल्या भरायच्या खोलीत दोन शेळ्या बांधतात, त्यामुळे ‘ओसाड’ हा शब्द आम्ही निवेदनातून काढून टाकला.

आत स्टीलच्या टाक्या आहेत, पुरुषभर उंचीवर झडप. एका टाकीचं खालचं झाकण उघडंच होतं. टॉर्च आत घातला तर भिंत चमकली. आधी वाटलं काच. नखानं खरवडलं तर हातात खडे आले, बारीक खडीसाखरेसारखे, तांबूस. वाइन थंड केली की तिच्यातल्या टार्टरिक आम्लाचा क्षार असा भिंतीला धरतो, आणि पुढचा माल घ्यायच्या आधी टाकी धुऊन तो काढतात. इथे धुतलाच नाही. मावसभावानं माइक आत सोडला आणि वरून एक खडा टाकला. तो आवाज मी इथे लिहून दाखवू शकत नाही, पण शीर्षकाखाली तोच येणार आहे. (ज्यांना असं काही रेकॉर्ड करायचंय त्यांना सांगतो, स्टीलच्या टाकीत लेव्हल नेहमीच्या निम्म्यावर ठेवा. आमचे पहिले सहा टेक फाटले.)

आम्ही खुशीत घरी आलो. ताईनं चाळीसेक शॉट ओळीनं लावले. गंजलेला पट्टा, फुटलेल्या बाटल्या, कोळ्याचं जाळं, टाकीवर पडलेली तिरीप. बघून झाल्यावर म्हणाली, “सुंदर आहे. पण हे कुठल्याही बंद कारखान्याचं आहे. इथं नेमकं काय बुडालं, ते कुठंय?” मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. मग शेळ्यावाल्या बाबांनाच विचारलं, इथे माल कोण घालायचं? त्यांनी तीन गावं आणि एक माणूस सांगितला. त्यांना आपण नाना म्हणू.

नानांनी पहिल्या भेटीत चहा पाजला आणि विषय कांद्यावर नेला. दुसऱ्या भेटीत ऊस. तिसऱ्या भेटीत आतून औषधाच्या दुकानाची पिशवी आणली, त्यात माती परीक्षणाच्या कागदांबरोबर काट्याच्या पावत्या. डॉट मॅट्रिक्सची छपाई, पुसट जांभळी. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, खाली पेनानं ‘शिराझ’ आणि ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा. नानांनी बोट ठेवलं ते मात्र भलतीकडेच. “हे बघा. रेट कुठाय?” रेटचा रकाना कोरा. “म्हणले, नंतर टाकू. गर्दी आहे.”

सगळ्या पावत्यांवर तो रकाना कोरा होता.

मी विचारलं, मग द्राक्षं दुसरीकडे का नाही घातली? नाना हसले. वाइनची द्राक्षं कधी खाल्लीत का? मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बी. हातगाडीवर कोणी घेत नाही, आणि बी असल्यानं बेदाण्यालाही चालत नाहीत. गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्या टाक्या भरलेल्या. पुढच्या खरड छाटणीला (ही उन्हाळ्यातली; पुढे फळासाठी करतात ती गोडी छाटणी) नानांनी शिराझ गुडघ्याएवढ्या उंचीवर कापली आणि त्याच खोडावर थॉमसनचं, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचं, कलम बांधलं. बाग आजही उभी आहे. खोडापाशी वाकलात तर दोन गाठी दिसतात. पहिल्या गाठीखाली मुळाकडचा डॉगरिजचा खुंट, दुसऱ्या गाठीवर थॉमसन, आणि दोन गाठींच्या मधे वीतभर शिराझ. ओळीच्या ओळी, प्रत्येक झाडात वीतभर.

त्या चाळीस शॉटपैकी आता पाच उरलेत. मेथी आणि टाकी त्यात आहेत. कोळ्याचं जाळं गेलं.

या धड्याचा फायदा ट्रॅमच्या भागाला झाला. तिथे आमची अडचण बरोबर उलटी होती, म्हणजे दाखवायला काहीच नाही. १८८९ मध्ये मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. रेल्वे गावापासून आठेक किलोमीटर लांबून गेली, म्हणून तर स्टेशनच्या नावात ‘रोड’. रूळ अडीच फुटी. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यानं पुढे त्याच मापाची बार्शी लाइट रेल्वे केली. (या गृहस्थानं नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं, ‘गार्डियन एंजल’ नावाचं. त्याचा भागाशी काडीचा संबंध नाही, तरी मी दीड मिनिट घातलं होतं. ताईनं काढलं.) १९३० चं दशक उजाडलं आणि दोन-तीन वर्षांत ट्रॅम संपली. आम्ही मेन रोड, शालिमार, द्वारका, उपनगर, बिटको असे शहरातल्या ट्रॅमच्या मार्गानं कॅमेरा घेऊन अडीच तास चाललो. रूळ सोडा, रुळाचा खिळाही दिसला नाही. प्रेसच्या, म्हणजे नोटांच्या छापखान्याच्या, परिसरात कॅमेरा पिशवीत घालायचा, हे नाशिकच्या पोरांना सांगावं लागत नाही. उरलेल्या रस्त्यावर सिंहस्थाच्या कामांमुळे जेसीबी.

रस्ता मुका वाटतो म्हणून मावसभाऊ एका वरातीत घुसला आणि बँड थांबल्यावर घोड्याच्या टापा रेकॉर्ड करून आला. नवरदेवाच्या काकांनी त्याला फोटोग्राफर समजून जेवायला बसवलं. टापा उत्तम होत्या. द्वारकेच्या पुलाच्या शॉटखाली लावल्या आणि तिघांनाही एकदम लाज वाटली, नाटकात पडद्यामागून नारळाच्या करवंट्या वाजवाव्यात तसं. काढल्या. आता त्या शॉटखाली जेसीबीचाच आवाज आहे, आणि वर निवेदनात ट्रॅमचा मार्ग. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ चं केंद्रीय अर्थसंकल्पाचं भाषण येतं, नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओसाठी २०९२ कोटी. तिची एक मार्गिका गंगापूर ते नाशिक रोड. खांब अजून एकही नाही. आम्ही त्यावर एक शब्द बोलत नाही, फक्त उपनगरच्या थांब्यावर बसची वाट बघणाऱ्या बाईवर कॅमेरा स्थिर. ती घड्याळ बघते, तिथे कट.

राहिलेलं काम: नानांच्या बागेतला खोडाचा क्लोजअप. परवा लेन्स घेऊन गेलो होतो, पण पानांच्या मांडवाखाली इतकी गर्द सावली की दोन गाठी वेगळ्या दिसेनात. लाइट लावतो म्हटलं, तर नाना नको म्हणाले, औषध मारणं चालू आहे. “गोडी छाटणी होऊ द्या. वरचं मोकळं झालं की ऊन खोडावर येतं. डोळे फुटायची पेस्ट लावायच्या आधी एक दिवस फोन करतो, तवा या.”

फोनची वाट बघतोय.