ख्रिस्तशरीराचा सण आणि आमचं मराठी मंडळ

ख्रिस्तशरीराच्या सणाला (कॉर्पस क्रिस्ती, भाकर-द्राक्षारसातल्या येशूच्या शरीर-रक्ताचा कॅथलिक सण) आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक संमेलन असतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. स्वागत, शाल-श्रीफळ, सेक्रेटरींचा अहवाल हे सगळं रीतसर होतं, त्यावर वेगळं लिहित नाही. पण मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, अर्पणाच्या वेळी गव्हाच्या ओंब्या, द्राक्षं, भाकर, द्राक्षारस, पाणी असं एकेक वेदीकडे जातं आणि मंडळातलं कुणीतरी माईकवर त्याचा अर्थ सांगतं ना, तेव्हा दरवर्षी माझे डोळे भरून येतात.

हे बोलायला फादर मुद्दाम साध्या माणसाला उभं करतात. एकदा नगरकडच्या, वडगाव शेरीला मुलाकडे राहणाऱ्या एका आजी होत्या. कागद त्यांनी बघितलाच नाही, म्हणाल्या, "दाणा मातीत मरतो तवा उगवतो, मग कापायचं, मळायचं, दळायचं, भाजायचं, येवढं सोसल्यावर भाकर. येशूबाबाचंबी तसंच झालं." योहानाच्या बाराव्या अध्यायातला तो गव्हाचा दाणा लहानपणापासून ऐकत आलोय पण जन्मभर शेतात राबलेल्या बाईच्या तोंडून ऐकणं वेगळंच.

दुसरं म्हणजे पाण्याचा थेंब. फादर प्याल्यातल्या द्राक्षारसात थोडं पाणी घालतात तेव्हाची प्रार्थना अगदी हळू असते, मागच्या बाकांवर ऐकू येत नाही. ख्रिस्त आपल्यासाठी माणूस झाला तसा आपल्याला त्याच्या देवपणात वाटा मिळो असं त्यात मागतात. एका कॉलेजच्या पोराने सांगितलं, तो थेंब आता कुणालाच वेगळा काढता येणार नाही, तसे आपण ख्रिस्तात. एवढंच बोलून तो जागेवर जाऊन बसला, मला ते अजून आठवतं.

होस्ट, म्हणजे मिस्सेत वाटतात ती पातळ भाकर, फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, यीस्ट नाही, कारण येशूचं शेवटचं भोजन वल्हांडण या यहुदी सणाच्या बेखमीर भाकरीचं, हे आमची चौथीतली पोरंपण सांगतात. रांगोळीत पेलिकन पक्षी असतो, तो छातीला चोच मारून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो ख्रिस्ताचं चिन्ह झाला. पोप अर्बन चौथे यांनी १२६४ साली हा सण सगळ्या चर्चला दिला, आणि त्याच्या प्रार्थना ज्यांच्या मानतात त्या संत थॉमस अक्वायनस यांच्या एका स्तोत्रात येशूला पेलिकनच म्हटलंय.

आता उपस्थितीबद्दल बोलतोच. जून म्हणजे पाऊस, कधी त्याच दिवसांत पुण्यात पालखी, रस्ते बंद, सगळं मान्य. पण चाकणहून दोन बस बदलून माणसं वेळेवर येतात आणि चर्चमागच्या सोसायटीतली येत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आभार मात्र राहता कामा नयेत. होस्ट पाठवणाऱ्या सिस्टर, रात्री अकरापर्यंत रांगोळी काढणाऱ्या तिघी बहिणी, ओंब्या गावाहून आणणारे काका, साऊंडवाला दादा, पेटी-तबला, वेदीवरची मुलं, वेदीची तयारी बघणारे सॅक्रिस्टन अंकल, पुलाव करणारी महिला मंडळाची टीम, खुर्च्या उचलणारी युथची पोरं, आणि हो, चर्चच्या गेटवर पावसात उभे राहून पार्किंग बघणारे वॉचमन मामा, ते तर आपल्या धर्माचेही नाहीत. कुणी राहिलं असेल तर प्लीज मला फोन करा, पुढच्या वर्षी माईकवरून पहिलं नाव त्यांचंच घेईन.