एएफबी दिसले म्हणजे टीबीच, असं नाही

आज मिरजेत दिवसभर हाच विषय. सिस्टिक फायब्रोसिसच्या (सीएफ, फुप्फुसात घट्ट कफ साठवणारा जन्मजात आजार) मुलाच्या बेडक्यात एएफबी (टीबीसाठी खास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात ते जंतू) दिसले की लगेच टीबीची औषधं! अहो, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह असेल तर आधी एनटीएमचा (टीबीच्या जंतूचे भाऊबंद, पण टीबी न करणारे) विचार करा. लॅबच्या चिठ्ठीवर 'सीएफ' ठळक लिहा. कल्चरआधी नमुना साफ करताना एनएओएचनंतर (सोडियम हायड्रॉक्साइड) ऑक्झॅलिक ॲसिडची धुलाई झाली नाही तर स्युडोमोनास हा दुसराच जंतू कल्चरची अख्खी बाटली खाऊन टाकतो. वेगवेगळ्या दोन नमुन्यांत तोच जंतू उगवायला हवा, जोडीला लक्षणं आणि सीटी जुळायला हवेत, तरच एनटीएमचं निदान.

सीएफमध्ये आठवड्यातून तीनदा चालणारी अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक निदान होईतोवर थांबवा. एकटीच चालू राहिली तर जंतू तिला दाद देत नाहीत. ॲबसेसस (एनटीएमचाच एक प्रकार) निघाला तर क्लॅरिथ्रोमायसिन लागू पडते का हे पाहणारी प्लेट 14 दिवस ठेवायला सांगा. तिसऱ्या दिवसाचं 'सेन्सिटिव्ह' (औषध लागू पडतं) फसवं असतं.

आणि हे जंतू टाळायचे तर नेब्युलायझरचा कप नळाखाली विसळून ओला ठेवू नका. 5 मिनिटं उकळा, कोरडा करा.