मोशीच्या प्रदर्शनात बीजप्रक्रिया शोधताना

डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला 'किसान' या शेती प्रदर्शनाला जायचं असेल, तर काय बघायचं ते घरूनच ठरवून निघावं. न ठरवता गेलं की दिवसभर पायपीट होते आणि संध्याकाळी हातात उरतात त्या चार कंपन्यांच्या पिशव्या, दोन टोप्या आणि कुणी कधी न वाचणाऱ्या पत्रकांचा गठ्ठा. यंदा आमच्या गटाने विषय वाटून घेतले होते. ठिबक एकाकडे, पेरणी यंत्र दुसऱ्याकडे आणि बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं, माझ्याकडे. औसा तालुक्यात खरीप म्हणजे सोयाबीन, आणि बियाण्यासाठी डिसेंबरअखेर उन्हाळी सोयाबीन पेरणारेही आता गावोगाव आहेत. त्यामुळे मोशीत ऐकलेलं पंधरा दिवसांत वापरून बघता येतं.

आधी जाण्याचं सांगतो. लातूरहून रात्रीची मुंबई गाडी धरली की पहाटे पुणे स्टेशन येतं. तिथे तोंड धुऊन, चहा घेऊन मेट्रोची वाट बघावी. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, पिंपरीच्या गाडीने नाशिक फाट्याला उतरायचं आणि तिथून भोसरीमार्गे मोशीकडे जाणारी पीएमपीची बस नाहीतर रिक्षा धरायची. जीप करून जाणाऱ्यांनी पुणे-नाशिक रस्त्याची धास्ती ठेवूनच निघावं. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तेव्हा गाड्या हलत नाहीत. तिकीट मोबाईलवर आधीच काढलं की दारावरची रांग वाचते. पहिला दिवस पाहुण्यांचा आणि शनिवार-रविवार जत्रेचा. स्टॉलवरच्या माणसाशी निवांत बोलायचं असेल तर मधला एखादा दिवस, आणि तोही दार उघडल्याबरोबर. अकरानंतर त्यांचाही घसा बसलेला असतो.

आत शिरल्यावर पहिली गर्दी ट्रॅक्टरपाशी, दुसरी ड्रोनपाशी. कॅमेरेही तिथेच. ड्रोन उडतो, पंखे घोंगावतात, पाण्याचा फवारा उन्हात चमकतो. चित्र छानच मिळतं, त्यात कॅमेरावाल्याचा दोष नाही. बीजप्रक्रियेची दुकानं मात्र बियाणे आणि औषध कंपन्यांच्या मंडपात विखुरलेली असतात. 'बीजप्रक्रिया' अशी पाटी शोधत बसू नका, सापडत नाही. फिरणारा ड्रम आणि गुलाबी झालेलं बी दिसलं की थांबायचं.

या गुलाबी रंगाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळं प्रात्यक्षिक त्याच्यावरच उभं असतं. ड्रममध्ये पांढरट बी टाकतात, वरून द्रावण ओततात, पोरगा हँडल फिरवतो आणि दोन मिनिटांत बी लालभडक होऊन बाहेर येतं. बघणारे माना डोलावतात. आता रंग हे काही औषध नव्हे. हे बी खाण्याचं नाही हे लांबून ओळखू यावं आणि लेप सगळीकडे सारखा बसला का ते दिसावं, म्हणून तो घालतात. रंग चढला म्हणजे मर रोग थांबला किंवा खोडमाशी टळली असं काही सिद्ध होत नाही. ते शेतात कळतं, तेही शेजारी बिनप्रक्रियेचा पट्टा असेल तरच. मी प्रत्येक ठिकाणी विचारलं, "प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या बियाण्याच्या कुंड्या शेजारीशेजारी ठेवल्यात का?" बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, "पत्रकात फोटो आहे बघा, काका." एका छोट्या स्टॉलवर मात्र दोन ट्रे खरोखर ठेवले होते आणि तिथला कृषी पदवीधर मुलगा मूळ उपटून दाखवत होता. त्याच्यापाशी अर्धा तास गेला. प्रदर्शनातला तो सगळ्यात सार्थकी लागलेला अर्धा तास.

मागून जाणाऱ्यांना एक सुचवतो: घरचं पाव किलो बी पिशवीत टाकून न्या. मी फुले संगम या सोयाबीन वाणाचं नेलं होतं. स्टॉलवाल्याला म्हणावं, माझ्या बियाण्याला करून दाखवा. त्यांचं बी चाळलेलं, निवडलेलं, एका आकाराचं असतं. आपल्या बियाण्यात काडीकचरा आणि फुटकी डाळ असते. खरा कस तिथे लागतो. बाहेर आलेल्या बियाण्यात तीन गोष्टी बघायच्या. सोयाबीनचं टरफल पातळ, म्हणून ड्रममध्ये किती दाणे सोलले गेले आणि किती दुभंगले ते मोजा. पाणी जास्त झालं असेल तर टरफलाला सुरकुत्या पडतात. आणि वाळल्यावर पांढऱ्या रुमालावर मूठभर बी हलकेच घोळा. रुमालावर पूड पडली तर ती पूड उद्या पेरणी यंत्राच्या डब्यात, मजुरांच्या हातावर आणि वाऱ्यावर जाणार. एका ठिकाणी रुमाल काढताच 'आता जेवणाची सुट्टी आहे' असं सांगण्यात आलं. तेही उत्तरच.

या पुडीवरून मोठी बातमी झाली होती ती जर्मनीत, २००८ साली. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरचं क्लोथियानिडिन हे कीटकनाशक नीट चिकटलेलं नव्हतं. हवेच्या दाबाने चालणाऱ्या पेरणी यंत्रांतून त्याची धूळ उडून आसपासच्या फुलोऱ्यावर बसली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहती बाधित झाल्या. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर थांबवला. आपल्याकडे यातलं थायामेथोक्झाम सोयाबीनच्या बीजप्रक्रियेत सर्रास वापरतात. मी ते वापरू नका म्हणत नाही, मीही वापरतो. पण मोशीत न्यूमॅटिक प्लँटरसमोर, म्हणजे अशाच हवेवर चालणाऱ्या पेरणी यंत्रासमोर, उभे असाल तर त्याचा पंखा हवा कुठे सोडतो, वर की जमिनीकडे, एवढं जरूर विचारा. विकणाऱ्याला हा प्रश्न नवा वाटला तर तेही लिहून ठेवा.

आता औषधांचं. स्टॉलवर ऐकलेलं आणि विद्यापीठांच्या शिफारशी ताडून सोयाबीनपुरतं जे वहीत राहिलं ते असं. बुरशीसाठी कार्बोक्झिन अधिक थायरम हे तयार मिश्रण किलोला ३ ग्रॅम, म्हणजे एकराच्या ३० किलोला ९० ग्रॅम. खोडमाशी आणि पांढऱ्या माशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. पिवळा मोझॅक रोग पसरवणारी हीच पांढरी माशी, आणि २०२३ च्या खरिपात मोझॅकने काय केलं ते विदर्भ-मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. औषधाचा जोर पहिले तीन-चार आठवडे, पुढे फवारणी आहेच. शेवटी, सावलीत सुकल्यावर आणि पेरणीच्या तोंडावर, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, मग जिवाणू, हा क्रम मोडायचा नाही. जिवाणू लावलेलं बी उन्हात पडू द्यायचं नाही आणि रात्रभर ठेवायचं नाही. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ती चोळणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तरी एका मोठ्या स्टॉलवर दोन्ही पुडे एकाच 'किट'मध्ये बांधलेले दिसले. विचारलं तर पोरगा म्हणाला, "सर, सगळं एकत्र चालतं." वय बावीस-तेवीस, त्याला तेच शिकवलेलं.

उसाचे शेतकरी भेटले तर त्यांच्याही डोक्यात हेच होतं, कारण सुरू हंगामाची लागण याच सुमारास असते. त्यांच्यासाठी थोडक्यात: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून बेणं दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं, मग दुसऱ्या १०० लिटरमध्ये ॲसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरद जिवाणू सव्वा किलो कालवून अर्धा तास. टिपरी बुडवायला प्लास्टिकच्या कागदाचा खड्डाही चालतो. महागड्या टाकीच्या मोहात पडू नका.

बाटली हातात आली की नाव वाचू नका, मागची बाजू वाचा. कीटकनाशक-बुरशीनाशक असेल तर विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण, नोंदणी क्रमांक आणि लेबल क्लेम, म्हणजे तुमच्या पिकाचं नाव तिथे छापलेलं आहे का ते. नसेल तर दुकानदार काहीही सांगो, ते त्या पिकासाठी नाही. 'बियाण्याला लावा, मुळ्या दुप्पट' असं सांगणाऱ्या अमृतधारांचे स्टॉल ढिगाने असतात. अशी जैव उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, तेव्हा त्यांच्याकडे त्या आदेशाखालचा कागद मागायचा. कागद न दाखवता सवलत दाखवणाऱ्याला नमस्कार करून पुढे जायचं. प्रदर्शनात खरेदी तशीही करूच नये असं माझं मत. फोटो काढावा, गावाकडच्या परवानाधारक दुकानातून पक्क्या पावतीवर घ्यावं. उद्या उगवण फसली तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे पावती लागते, पिशवीवरचा हसरा शेतकरी नाही.

आणि आता त्या कॅमेरेवाल्यांकडे. मी दोन तास ड्रमच्या आसपास होतो, तेवढ्यात तीन यूट्यूबवाले येऊन गेले. तिघांची पद्धत एकच. माईक पुढे, "सर, उत्पादनात किती फरक पडतो?", उत्तर एकरी क्विंटलमध्ये, धन्यवाद, पुढचा स्टॉल. कशाच्या तुलनेत, कोणत्या जमिनीत, किती शेतांवर, हे एकानेही विचारलं नाही. एकाच्या टीशर्टवर त्याच स्टॉलच्या कंपनीचं नाव होतं, निदान तो तरी प्रामाणिक म्हणायचा. छापील बातम्यांचं वेगळं. कंपनीचं प्रसिद्धिपत्रक, मान्यवरांचा फोटो आणि 'शेतकऱ्यांचा उदंड प्रतिसाद'. मराठी शेतकऱ्याला चांगली शेती पत्रकारिता माहीत नाही असं मुळीच नाही. दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' १९६७ पासून, सह्याद्रीवर 'आमची माती, आमची माणसं', आणि २००५ पासून 'ॲग्रोवन'सारखा फक्त शेतीचा रोजचा पेपर, हे आपल्याच घरात आहे. बीजप्रक्रियेवरचे चांगले लेख तिथेच येतात, पण ते मे-जूनमध्ये. प्रदर्शनाच्या आठवड्यात जागा उद्घाटनाला आणि ड्रोनला जाते.

बियाणं पहिल्या पानावर येतं ते उगवलं नाही की. जून २०२० मध्ये मराठवाड्यात तसंच झालं. सोयाबीन उगवेना, तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या बियाण्याचं पीक २०१९ च्या परतीच्या पावसात भिजलेलं होतं. मेलेल्या बियाण्याला जगातलं कोणतंही औषध उगवून आणत नाही, ही साधी गोष्ट त्या वर्षी सगळ्यांना महागात पडली. म्हणून प्रक्रियेचा विचार करण्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, आणि फारच खाली गेलं तर बी बदलायचं. पूर्ण प्रदर्शनात गोणपाटाचा हा प्रयोग दाखवणारा एकही स्टॉल मला दिसला नाही. त्यात विकण्यासारखं काही नाही ना!

मंडपात न सांगितली जाणारी आणखी एक बाब. टोकण करणाऱ्या बाया प्रक्रिया केलेलं बी उघड्या हाताने उचलतात आणि त्याच हाताने भाकरी खातात. हातमोजे, साबण आणि पाण्याची बादली बांधावर हवीच. उरलेलं बी कोंबड्यांना, जनावरांना किंवा तेल गिरणीला अजिबात नाही. रिकामी पाकिटं बांधावर फेकायची नाहीत.

पेरणी यंत्रवाल्यांकडे जाताना प्रक्रिया केलेलं ते पाव किलो बी सोबत ठेवा. बीबीएफच्या, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या यंत्राच्या, बियाण्याच्या तबकडीत ओलसर बी अडकतं का ते तिथेच कळतं. आमच्या गटातल्या यंत्र बघणाऱ्या भावाने असं दोन यंत्रांवर करून पाहिलं आणि एकाची तबकडी बदलून मागितली. मिळाली.

विद्यापीठांच्या दालनांत फारशी गर्दी नसते, म्हणून ती दुपारी करा. परभणी विद्यापीठाच्या बायोमिक्स या उपयुक्त जिवाणू-बुरशींच्या मिश्रणाची चौकशी तिथे करा. खरिपाच्या तोंडावर रांग लागते, तेव्हा आधीच विचारून ठेवलेलं बरं. जेवण मंडपातच मिळतं, पण आमच्यासारखी दशम्या-चटणी बांधून नेली तर रांगेतला वेळ स्टॉलवर घालवता येतो. निघताना चारच्या आत निघा. पाचला दार बंद व्हायच्या वेळी सगळे एकदम नाशिक रस्त्यावर येतात, आणि लातूरची रात्रीची गाडी पुण्याहून तुमच्यासाठी थांबत नाही.