परातीतला साबुदाणा आणि उकडीचा गोळा: दीड-दोन वर्षांच्या मुलांचे खेळ

दीड वर्षाच्या मुलापुढे काहीही ठेवलं तरी ते आधी तोंडात जाणार. वस्तू ओळखायची त्याची तीच रीत. म्हणून या वयाच्या खेळासाठी सामान निवडताना एकच विचारा: थोडं पोटात गेलं तर चालेल का?

व्हिडिओंत सर्रास दिसणारी राजमा-हरभऱ्याची परात इथेच बाद होते. कोरडं कडधान्य श्वासनलिकेत अडकू शकतं. नाकात गेलं तर तिथल्या ओलाव्याने फुगतं, मग घरी काढता येत नाही. तीन वर्षांपर्यंत नकोच. त्याहून घातक म्हणजे फुलदाणीत घालतात ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी. गिळलेला मणी आतड्यात फुगून वाट अडवू शकतो आणि साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाही. हे मणी घरातच आणू नका.

त्यांच्याऐवजी शिजवलेला साबुदाणा घ्या. अर्धी वाटी पुरते. पाच वाट्या पाण्याला खळखळून उकळी आली की न भिजवलेला साबुदाणा त्यात सोडा आणि तळाला लागू नये म्हणून लगेच ढवळा. गार पाण्यात घालून गॅस लावला तर दाणे विरघळून खळ होते. खिचडीसारखा आधी भिजवला तरी तेच. दहा-पंधरा मिनिटांत मध्ये पांढरा ठिपका उरेल, तेव्हा गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग गाळणीत घेऊन खालचं पाणी स्वच्छ येईपर्यंत नळाखाली धुवा. इथे कंटाळा केला तर वरचा स्टार्च राहतो आणि सगळ्याचा एक लगदा होतो. रंगासाठी बिटाचा रस. हळद नको, कपड्यांवरून निघत नाही.

परातीत दाणे, वर वाटीभर गार पाणी, एक डाव, एक गाळणं. इतकंच. मूल मूठ आवळतं, दाणे बोटांच्या फटींतून सुळकन निसटतात, ते हाताकडे बघतं आणि पुन्हा आवळतं. अशा वेळी रंगांची नावं शिकवत बसू नका. त्याचं काम चाललेलं असतं.

खाली जुनी चादर हवीच, कारण फरशीवर हे दाणे भयंकर निसरडे होतात. सांडलेले दाणे मोरीत ढकलू नका, जाळी तुंबते. वाळू द्या, मग केरसुणीने झाडा. उरलेला साबुदाणा त्याच दिवशी टाकून द्या.

मळायला कच्ची कणीक देतात, पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मोदकाची उकड त्यापेक्षा उत्तम: एक वाटी पाणी आणि चमचाभर तेल उकळा, वाटीभर तांदळाचं पीठ घालून ढवळा, झाकून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ काढा, मळा. मीठ घालू नका. गोळा वरून गार लागला तरी आत चटका बसेल इतका गरम असतो, म्हणून मधोमध फोडून बघा. भेगा पडल्या तर ओल्या हाताने पुन्हा मळा. मोठा तुकडा तोंडात कोंबला तर घशाशी अडकेल, तेव्हा समोरून उठायचं नाही.

पाण्याच्या खेळाला परातीत दोन बोटं पाणी पुष्कळ. तेवढ्यातही मूल बुडू शकतं, म्हणून तुम्ही हाताच्या अंतरावर. फोन वाजला, दार वाजलं, तर मुलाला उचलून न्या. खेळ संपताच परात उपडी करा. आणि हो, बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली! ती परातीपेक्षा कितीतरी धोक्याची. लहान मूल डोक्याकडून जड असतं, वाकून आत पडलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. बादली रिकामी ठेवा, दाराला बाहेरून कडी.

काही मुलं ओल्या, बुळबुळीत वस्तूला हातच लावत नाहीत. त्यांचा हात धरून परातीत घालू नका, दुसऱ्या दिवशी परात बघूनच रडतील. आधी डाव द्या. किंवा साबुदाणा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि बाहेरून दाबू द्या. पिशवी खेळानंतर लगेच उचला.