मामांना लिहिता येत होते, वाचता येत नव्हते

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत ‘उजवा मेंदू जागृत करा’ अशा शिकवणी वर्गांच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात आणि मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असल्याने आपल्या मुलाचा कोणता मेंदू अधिक चालतो, असे पालक मला मनापासून विचारतात. बहुतेक माणसांत भाषेची मुख्य केंद्रे मेंदूच्या डाव्या गोलार्धात, म्हणजे डाव्या अर्ध्या भागात, असतात आणि चेहरे ओळखण्यात किंवा जागेचा अंदाज घेण्यात उजव्याचा वाटा मोठा असतो, एवढे खरे आहे. मात्र यातून गणिताचा मेंदू वेगळा आणि चित्रकलेचा वेगळा, असा अर्थ काढणे चुकीचे आहे, कारण आपले कोणतेही रोजचे काम एका गोलार्धात सुरू होऊन तिथेच संपत नाही.

दोन्ही गोलार्धांना जोडणारा सर्वांत मोठा दुवा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. सुमारे २० कोटी मज्जातंतूंचा हा पट्टा मेंदूच्या मधोमध, दोन गोलार्धांमधील खोल फटीच्या तळाशी असतो आणि साधारणपणे एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या तशाच भागाशी जोडतो. जाड तंतूंतून संदेश काही सहस्रांश सेकंदांत पलीकडे पोहोचतो, बारीक तंतूंतून त्याहून उशिरा. तंतूंवरील मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण विशीपर्यंत पक्के होत राहते, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

हा दुवा नसेल तर काय होते, हे रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात दाखवले. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून ज्यांचा कॉर्पस कॅलोसम शस्त्रक्रियेने कापला होता, असे रुग्ण त्यांनी तपासले. दृष्टीच्या डाव्या अर्ध्या भागातले दृश्य, मग डोळा कोणताही असो, आधी उजव्या गोलार्धात जाते. म्हणून पडद्यावर डावीकडे क्षणभर एखाद्या वस्तूचे चित्र दाखवले की रुग्ण ‘काही दिसले नाही’ असे सांगे, कारण बोलणाऱ्या डाव्या गोलार्धापर्यंत ते पोहोचलेलेच नसे. पण उजव्या गोलार्धाच्या ताब्यातला त्याचा डावा हात आडोशामागे चाचपून नेमकी तीच वस्तू उचले. स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मी हे सारे वर्गात शिकवत होतेच, पण त्याचा खरा अर्थ मला माझ्या थोरल्या मामांमुळे कळला. निपाणीच्या एका तंबाखू वखारीत आयुष्यभर दिवाणजी म्हणून राहिलेल्या मामांचे अक्षर सुरेख होते आणि मराठीइतक्याच सफाईने ते कन्नडही लिहीत. एके दिवशी सकाळी पेपर हातात घेतल्यावर ते म्हणाले, ‘अक्षरं दिसत्यात बघ, पण लागत न्हाईत.’ घरच्यांना वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी कागद पुढे ठेवून, ‘मामा, तुमचं नाव आणि गावाचा पत्ता लिहा बघू,’ म्हटले, तेव्हा त्यांनी दोन ओळी एकदाही न अडखळता लिहिल्या. थोड्या वेळाने तोच कागद समोर धरला, तर स्वतःच्याच अक्षरातले एकही नाव त्यांना वाचता येईना, आणि समोरून गेलेल्या एसटीची कन्नड पाटीही तितकीच परकी झाली होती. बोलणे मात्र पूर्वीसारखेच स्वच्छ होते.

तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागच्या रक्तवाहिनीत गुठळी आढळली. ही एकच वाहिनी डाव्या गोलार्धातील दृष्टीच्या भागाला आणि कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला रक्त पुरवते. त्यामुळे उजवीकडचे दिसणे गेले; डावीकडचे जे दिसत होते ते उजव्या गोलार्धात व्यवस्थित उमटत होते, पण डावीकडच्या वाचनकेंद्राकडे जाण्याची वाट तुटली होती. भाषा आणि हात यांचा आपसातला संबंध डाव्या गोलार्धातच अबाधित असल्याने लिहिणे शाबूत राहिले. फ्रान्समधील मज्जाविकारतज्ज्ञ जोझेफ देजेरीन यांनी १८९२ मध्ये अशाच एका रुग्णाचे वर्णन केले होते, आणि त्याच्या मेंदूच्या शवविच्छेदनात हेच दोन भाग बिघडलेले आढळले होते.

देजेरीन यांच्या रुग्णाप्रमाणेच मामांनाही अक्षर बोटाने गिरवले की ओळखता येई. उजव्या हाताच्या हालचालीची जाणीव थेट डाव्या गोलार्धात जाते, तिला पलीकडून यावे लागत नाही. ‘क’चा गोल आणि त्याची दांडी टेबलावर गिरवून ते ‘क’ म्हणत, मग पुढचे अक्षर घेत. एका शब्दाला पुष्कळ वेळ लागे, पण शब्द लागे. पुढे याच पद्धतीने ते औषधांच्या पाकिटांवरची नावे स्वतः वाचू लागले.

कोणालाही अचानक वाचता येईनासे झाले तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नये. मेंदूचे स्कॅन होईल अशा रुग्णालयात त्याच तासाला न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि खेड्यातून शहरात पोहोचेपर्यंत त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.